जिभेला चिकटतं ते हाड

संग्रहालयात नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात दोन तपकिरी तुकडे दिले जात. यातलं हाड कुठलं आणि दगड कुठला, सांगा. तो बिचारा ते उलटसुलट करून बघायचा, नखाने खरवडायचा, भिंग मागायचा. मग कुणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "चाटून बघा की." आपली फिरकी घेताहेत असं त्याला वाटायचं, पण तसं नसे. जमिनीत युगानुयुगं पडून हाडाचाही दगड होतो, तरी त्यातली बारीक छिद्रं शाबूत राहतात आणि ती जिभेवरचा ओलावा ओढून घेतात. दगड जिभेवरून सुटून येतो. हाड चिकटतं.

तळघरातला जीवाश्मांचा संग्रह जिच्या ताब्यात होता, तिला हे वडिलांनी शाळेत असतानाच शिकवलं होतं. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. तिच्याआधी हा संग्रह वडीलच सांभाळायचे. बोलका माणूस. घरात पाऊल टाकल्यापासून त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत. आणि मग निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना एका संध्याकाळी ते कामावरून घरी आले, खुर्चीत बसले आणि बोललेच नाहीत. वाचा बसली. डॉक्टरांनी मेंदू पाहिला, गळा पाहिला, सगळं ठणठणीत. सुरुवातीला ते कागदावर लिहून दाखवायचे, पण लिहून दाखवलेल्या विनोदाला समोरचा वाचून संपेपर्यंत थांबावं लागतं. पुढे त्यांनी तेही सोडलं. ओठ हलायचे, हवा बाहेर यायची, बस.

आई नव्हती. घरात दोघंच. जेवताना भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. ताईला बाबांच्या आवाजाची अक्षरशः भूक लागली होती. एकदा, फक्त एकदा त्यांनी आपल्याला हाक मारावी, मग काय वाटेल ते होवो, असं तिला वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. मग नव्या संचालकबाईंनी तळघर रिकामं करायला घेतलं. तिथे मोठे पडदे लावून लोकांना हलती चित्रं दाखवायची होती. ज्यांवर चिठ्ठी नाही अशा तुकड्यांपैकी हाड असेल ते राहील, दगड असेल तो भरावात जाईल, असं ठरलं. त्यावर वरच्या मजल्यावर जाऊन भांडून आला तो एकटा रेडिओ.

रेडिओ म्हणजे खडकांचा अभ्यासक. दिवसभर वाजत असे म्हणून हे नाव, आणि त्याला ते आवडायचंही. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा रात्रभर बाकावर बसून राहिला होता तो हाच.

"ताई, मी त्यांना सांगितलं," तो जिना उतरताउतरताच बोलू लागला, "की बाई, ज्यांनी ही हाडं गोळा केली त्यांना सूक्ष्मदर्शकात काय दिसणार आहे हे ठाऊक नव्हतं. आज त्या हाडाच्या पोकळीतली चिमूटभर माती तपासली तर तेव्हा पाऊस किती पडायचा ते कळतं. उद्या आणखी काय कळेल कुणी सांगावं? हा साठा आहे, अडगळ नाही."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जागा नाही."

ताई कामाला लागली. तुकडा उचलायचा, पुसायचा, जिभेचं टोक लावायचं, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. जिभेवर मातीची, लोखंडाची, जुन्या डिंकाची चव साठत जाई. शेवटी भिंतीलगतचं कपाट राहिलं. बाबांचं काम त्याच कपाटापाशी थांबलं होतं. त्या अखेरच्या दिवशी ते इथेच बसून तुकडे पारखत होते.

खालच्या खणात सगळ्यांवर धुळीची साय होती. एकाच तुकड्यावर नव्हती. तळहाताएवढा, गडद, एका कडेला किंचित वाकलेला. ताईने तो उचलला. तो दमट होता. छताकडे पाहिलं, ओल कुठेच नव्हती. तिने तो तोंडाजवळ नेला, आणि थांबली.

कुणीतरी बोलत होतं. बाजूच्या खोलीत बोलावं तसं, अगदी हलकं.

"आज मीठ विसरलीस, पोरी. असू दे. तू दमली होतीस."

ताईने तुकडा खणात ठेवला. पाण्याच्या नळ्यांना कान लावला, वरच्या दालनात कोण आहे ते पाहून आली. दालन रिकामं होतं. आदल्या रात्री जेवण अळणी झालं होतं. ते बाबांनी निमूटपणे संपवलं होतं, आणि ताट उचलताना त्यांचे ओठ हलले होते.

ताईचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. म्हणून त्या संध्याकाळी तिने बाबांना मुद्दाम विचारलं, "तुमची निळी शाल धुवायला टाकू का?" त्यांनी मान हलवली आणि ओठांनी काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. सकाळी तिने खण उघडला. "धू, पण पिळू नकोस. तुझ्या आईने विणलीय." तोच घोगरा, वाक्याच्या शेवटी हसरा होणारा आवाज. ताई जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

नंतर ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्या खणापाशी बसू लागली. आदल्या दिवशी बाबांना जे जे म्हणायचं होतं ते तिथे यायचं. बातम्यांवरचे टोमणे, गुडघ्याची कुरकूर, एकदा चक्क एक चावट विनोद. ती एकटीच हसली. पण तिने तुकड्याला जीभ लावली नाही. बाबांनी लावली होती, आणि त्यांचा आवाज त्यात राहिला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या खणाजवळ गेलं की तिची जीभ आपोआप टाळूला जाऊन बसे.

आणखी एक विचार तिच्या मनात आला. तो तिने झटकला. तो पुन्हा आला. हा तुकडा ओला राहतो तो कशाने तरी राहत असणार. त्याला दुसऱ्या कुणाचा आवाज मिळाला तर?

तळघर रिकामं करायची मुदत संपायच्या दिवशी दुपारी रेडिओ मदतीला खाली आला. बाही दुमडून टेबलाशी बसला आणि उरलेले तुकडे चाटताचाटता मुलीचं सांगू लागला. चार वर्षांची झाली, तरी रात्री गोष्ट ऐकल्याशिवाय डोळा मिटत नाही, आणि गोष्ट रोज नवी हवी.

"झालं? संपलं सगळं?" त्याने विचारलं.

ताईचा हात खणाच्या मुठीवर होता. हो म्हटलं असतं तर तो उठून गेला असता.

"एक राहिलाय," ती म्हणाली. "मला काही ठरवता येत नाहीये."

"आणा इकडे. लोक म्हणतात माझ्या जिभेला हाड नाही. आज लावूनच घेतो."

तिने तुकडा त्याच्या हातात दिला.

त्याने तो जिभेला लावला. तो चिकटला. त्याने ओढला, सुटला नाही. डोळ्यांनी हसत त्याने पुन्हा ओढला.

सुटला.

रेडिओने तोंड उघडलं. ओठ हलले.

त्याने गळ्याला हात लावला. पाणी प्यायला. पुन्हा ओठ हलवले. मग कसंनुसं हसून ताईला खूण केली, घसा बसला वाटतं, आणि डाव्या बाजूच्या हाडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

ताईने तुकडा त्या ढिगात ठेवला.

ती घरी पोहोचली तेव्हा दार उघडंच होतं.

"किती उशीर गं," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी दोघं जेवायचं विसरली. बाबा बोलत होते, थांबत होते, स्वतःचाच आवाज ऐकून हसत होते, पुन्हा बोलत होते. कितीतरी वर्षांचं तुंबलेलं होतं. ताई त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहिली. आपल्याइतकं सुखी जगात कुणी नाही असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं.

फोन वाजला. रेडिओची बायको होती.

"ताई, हे घरी आल्यापासून एक अक्षर बोलले नाहीत. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही. तुमच्या वडिलांना असंच झालं होतं ना? तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

आत बाबा कशावरून तरी मोठ्याने हसले.

"कोण हसतंय?" तिने विचारलं.

"टीव्ही आहे," ताई म्हणाली. "धीर धरा. वाट बघायची, दुसरं काय."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी तळघरात गेली. हाडांचा ढीग होता तसाच होता. त्यातला तो एक तुकडा ओला होता. ती दारातच उभी राहिली, पण आवाज तिथपर्यंत येत होता. काल रात्रीची गोष्ट चालू होती. छोटीला सांगायची राहिलेली, अस्वलाची, सगळे आवाज काढून. ती संपली. मग तोच आवाज खाली आला, काळजीचा, बायकोशी बोलतानाचा.

"आधी ताईंना फोन लाव. तो शेवटचा तुकडा तिथेच पडलाय. त्याला चुकूनही जीभ लावू नका म्हणावं."