चार मिनिटं, बारा सेकंद

मोनिकाचं लग्न होऊन ती लाखनीला गेली ते साल दोन हजार दहा. त्याच साली पोळ्यानंतरच्या रविवारी तिचा भाऊ चंदन यानं आंधळगावच्या घरातल्या कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टीम टाकायला घेतली. विंडोज होतंच. पण वरठीच्या कारखान्यात मशीन सोडून ऑफिसात बसायचं तर लिनक्स यायला हवं होतं.

त्याचा बाप मोतीलाल मागावर बसला होता. कोशाच्या रेशमाचं लुगडं अर्ध्यावर आलेलं, पण धोटा काही हातातून सरकेना. कॉम्प्युटरच्या त्या पेटीत त्याच्या बायकोचा, राधाबाईचा आवाज होता.

तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी एका दुपारी ती रहाटावर धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरताना गुणगुणत होती, ते चंदननं गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. चार मिनिटं, बारा सेकंद. रहाटाची कुरकुर, तिचं गाणं आणि शेवटी हसणं, "बंद कर ना रे चंदन, लाज वाटते मले." मग रेकॉर्डिंग बंद झाल्याचं खट्ट. मोतीलाल ते रोज ऐके. रहाट ती गेल्यापासून आढ्याला बांधलेला; कांड्या आता शेजारची कुंताबाई भरून देई.

"पेन ड्राइव्हवर दुसरी कॉपी हाय ना?" त्यानं विचारलं.

चंदनचा हात थांबला. "तोच तं पुसून नवी सिस्टीम भरली, बाबा. ध्यानातच नाही आलं."

"वा रे हुशार!"

"घाबरता कायले? इथलं पुसून नाही राहिलो. मधात धुरा घालून राहिलो, धानाच्या वावरात बांध टाकते तसा. एका बांधीच्या दोन बांध्या. आई तिच्या बांधीत, नवी सिस्टीम या बांधीत."

"अन् धुरा तिच्या अंगावर पडला तं?"

"तं ते मले सोडते काय? तिथूनच शिव्या देईन."

दोघंही हसले. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली.

चाळीस मिनिटं गेली. मोतीलाल पेटीवर हात ठेवून बसला. पेटी आधी कोमट होती, मग गार होत गेली. राधाबाईचा हात असाच त्याच्या हातात गार झाला होता.

लाइट आल्यावर चंदननं कपाळाचा घाम पुसत काम पुरं केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. वरची नवी, खालची जुनी. जुनी उघडली. फाइल होती. "लाज वाटते मले." खट्ट. मोतीलाल त्या दिवशी दोन मुठी भात जास्त जेवला.

"नव्यातूनही ऐकता येते," चंदन म्हणाला. "फक्त घड्याळ साडेपाच तास पुढं हाय. दोन सिस्टीम टाकल्या का असं होते. करतो नीट."

सोमवारी तो ड्युटीवर गेला आणि मोतीलालनं वरची ओळ निवडली. गाणं झालं. "लाज वाटते मले." पण खट्ट झालं नाही. रहाट फिरतच राहिला, कितीतरी वेळ. त्यानं जुन्या सिस्टीममध्ये लावून पाहिलं. चार मिनिटं, बारा सेकंद, खट्ट.

मंगळवारी नव्यात रहाट आणखी लांबला. धागा तुटला, तिनं थुंकी लावून जोडला, तेही ऐकू आलं. संध्याकाळी चंदननं ऐकलं. त्याचं तोंड उतरलं.

"फाइल बिघडली असन. पुसू का?"

"खबरदार," मोतीलाल म्हणाला. "भरून राहिली ते. भरू दे."

घड्याळ नीट करायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी सकाळी दहा चाळीसला त्यानं पुन्हा लावलं. पडद्यावरचं घड्याळ चार दहा दाखवत होतं. रहाट फिरला, फिरला.

आणि थांबला.

"अजी," अगदी कानाशी आवाज आला. "भरली पाहा कांडी. या आता."

मोतीलाल घाबरला नाही. दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, असं त्याला वाटलं. त्यानं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि मागावर बसला. दिवसभर माग खटखटत राहिला. दुपारी त्यानं भिंतीवरून कुंताबाईला हाक दिली, "कांड्या सरल्या, वहिनी. आणजा."

कांड्या घेऊन ती दारात आली तेव्हा माग नुकताच थांबला होता. मोतीलाल लुगड्यावर डोकं टेकून होता, चेहरा झोपेतल्यासारखा मोकळा. धोट्यात एक कांडी होती, काठोकाठ भरलेली.

कुंताबाईनं ती बोटानं दाबून पाहिली. "हे माह्या हातची नोहे," ती नंतर चंदनला म्हणाली. "एवढी घट्ट राधाबाईच भरे."

आढ्याचा रहाट बांधलेलाच होता. मोतीलाल सतरा सप्टेंबर दोन हजार दहा, शुक्रवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वारला.