दोन हजारांतले चार

सकाळी साडेदहाला कौसल्या मडावीच्या पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी प्रयोगशाळेत आलं. ते नितळ असायला हवं होतं. आलं ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. मेंदूज्वर आहे आणि हाताशी वेळ फार नाही, हे तिथली सूक्ष्मजीवतज्ज्ञ वसुधा टेंभुर्णे हिला नळी हातात घेताच कळलं.

पूर्वी ताटलीत जीवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला दोन दिवस लागत. आता जिल्हा रुग्णालयात ‘वृद्धिवेध’ होता. केसाहून बारीक अशा दोन हजार नळ्यांत एकेक जीवाणू अडकवून यंत्र त्यांवर औषध सोडी आणि कोण वाढतो, कोण थांबतो ते पाही. पन्नास मिनिटांत पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: नेहमीचं औषध लागू.

वसुधाने तरीही नळ्यांची चित्रं चाळली. चार नळ्यांतले जीवाणू वाढत होते. एक तर दुभंगलाही होता.

शंभरात एकाहून कमी असतील तर सोडून द्यायचे, असा यंत्राचा नियम. रक्तात तो चालून जाई. उरलेसुरले शरीराच्या पांढऱ्या पेशी निपटून काढत. मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र त्या पेशी दुबळ्या पडतात, आणि औषधही तिथे थोडंच झिरपतं. तिथे चार पुरेसे होते.

ती थेट कौसल्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हबीब यांच्याकडे गेली. “सर, राखीव औषध मागवा.”

त्यांनी अहवाल पुन्हा वाचला. “यंत्र ‘लागू’ म्हणतंय, मॅडम. राखीव औषध मागितलं की राज्याची समिती जाब विचारणारच. बाकीची निकामी झाल्यावर ते एकच औषध उरलंय. जितकं वापरू, तितके जीवाणू त्याला सरावणार.”

“यंत्राच्या विरोधात मी सही करते.”

“आणि चुकलात तर?”

“तर माझी चूक, असं लिहून घ्या.”

बाहेर बाकावर कौसल्याचा नवरा बिसन बसला होता. कौसल्या गावची पोस्टमास्तर. तिच्या कार्यालयाच्या किल्ल्या तो मुठीत धरून होता. “मले ओळखन ना ती, मॅडम?”

“औषध बदलतोय, भाऊ. दोन दिवस जाऊ द्या.” याहून जास्त बोलायचं तिला धाडस झालं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी कौसल्याने डोळे उघडले आणि विचारलं, “पोस्ट कोण उघडून राहिलं?” बिसन भिंतीकडे तोंड करून रडला. तिचा डावा कान मात्र कायमचा गेला.

ती घरी निघाली त्या दुपारी वसुधाला समितीचं पत्र आलं. आपला निर्णय योग्य ठरला. मेंदूज्वरासाठी यंत्राची मर्यादा शंभरात एकाऐवजी हजारात एक करावी काय, याबाबत आपलं मत कळवावं. खाली अंदाज जोडला होता: तसं केल्यास दरवर्षी काही हजार माणसं वाचतील, पण राखीव औषध बाराऐवजी सातच वर्षं टिकेल. दुसरं औषध अजून दृष्टिपथात नाही.

वसुधाने ‘होय’ लिहिलं आणि पेन तसंच धरून राहिली. कौसल्याला तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, तिचा आवाज ऐकला होता. सात वर्षांनंतर जे रुग्ण येतील, त्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती. त्यांच्या वतीने मत कोण देणार?