नात्याचा रकाना

"रोख देताय? थांबा, थांबा... देऊ नका!"

वॉशिंग मशीनच्या दुकानात मी पैशांचं पाकीट उघडलं आणि मागून हा आवाज आला. वळून पाहिलं, तर निळ्या गणवेशातला एक उंच माणूस. हाताला ग्रीस, आणि त्याच हातात क्रेडिट कार्ड.

"पैसे मला द्या, बिल मी कार्डाने भरतो."

"का हो? माझ्या आईच्या मशीनवर तुमचा काय डोळा?"

"मशीनवर नाही, पॉइंटवर! मशीन तुमच्या घरी जाईल, पॉइंट माझ्या खात्यात येतील. पॉइंटचे होतात विमानाचे मैल, आणि मैलांचं तिकीट. जवळजवळ फुकट."

"चोर दिसता."

"चोर एवढं समजावून सांगत बसतो का?"

काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "द्या बिनधास्त. माझ्या मेहुण्याचा फ्रीजसुद्धा यांच्याच कार्डावर आलाय." मी पैसे दिले. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि मशीन टेम्पोत चढेपर्यंत तो माझ्याबरोबर उगाचच भिजत उभा राहिला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "दिवसभर वरखाली करतो हो," तो म्हणायचा, "एकदा तरी आडवं जायचंय. लांब!" मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा बसवते, वाकड्या काड्या सरळ करते. पुढच्याच शुक्रवारी तो दुकानात आला. म्हणे डोळे तपासायचेत. यंत्रात डोकावला आणि तिथल्या चित्राकडे बघतच राहिला. लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा.

"इथे जायला किती मैल लागतील?"

"हनुवटी टेकवा आणि गप्प बसा."

"तुम्ही येणार असाल तर दुप्पट साठवावे लागतील..."

डोळ्यांत काडीचाही दोष निघाला नाही. तरी तो दर शुक्रवारी यायला लागला.

मी त्याला मैलवाले म्हणायचे, महिन्याभरात त्याचा 'मैलवाला' झाला. माझं अख्खं घर त्याच्या कार्डावर आलं. ताईची शिलाई मशीन, काकांची गादी, आमच्या दुकानाच्या मालकांचा एसीसुद्धा. घरात कुणी रोख पैसे काढले, की आई ओरडायची, "अगं, त्याला आधी फोन कर!" रात्रीची झोप उडावी असं त्याच्यात काही नव्हतं, पण माझी उडाली होती. दुकानातल्या बेंचवर डबा खाताना तो हळूच माझ्या डब्यातला मोठा घास उचलायचा, आणि मी रागावल्याचं सोंग करायचे. सोंगच होतं ते. प्रेमात पडले होते मी, सपशेल.

दोन तिकिटांपुरते मैल जमले तो शुक्रवार मला अजून दिसतो. तो धापा टाकत आला. मैलांवरच्या जागा अकरा महिने आधी सुटतात आणि दोन दिवसांत संपतात, असं तो सांगत होता. पण त्याच्या मैलांवर दुसऱ्या कुणाला न्यायचं, तर आधी त्या माणसाचं नाव यादीत घालावं लागतं. एकदा घातलं, की वर्षभर बदलता येत नाही.

"नाव घातलं," तो म्हणाला. मग थांबला. "पुढे नात्याचा रकाना आहे... काय लिहू?"

त्याने फोन माझ्यासमोर धरला. पती-पत्नी, आई-वडील, भावंड, अपत्य, इतर.

माझ्या चिमट्यात एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू होता. शेजारी मालक कान टवकारून बसले होते. त्याचा आवाज थोडा कापला, तो मी ऐकला होता. पण मला वाटलं, असं विचारतात का कुणी? फॉर्म भरताना? मला नीट विचारायला हवं होतं त्याने, फक्त मला.

"इतर लिही की," मी म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"बरं," तो म्हणाला. मी मान वर केली, तेव्हा त्याचं बोट स्क्रीनवर टेकलं होतं.

त्यानंतर त्याने माझ्या डब्याला हात लावला नाही. तो यायचा, कामाचं बोलायचा, जायचा. नंतर शुक्रवारही चुकायला लागले. मला कळत होतं हो, सगळं कळत होतं! मी मनाशी ठरवलं, प्रवासात सांगू. विमानात, ढगांच्या वर, मजेत सांगू. मैलांना मुदत असते हे त्यानेच मला शिकवलं होतं, आणि मी शहाणी मात्र एक वाक्य अकरा महिने साठवत बसले.

निघायला पंधरा दिवस उरले असताना तो आला. हातात तिकिटाचा कागद होता.

"तू जा," तो म्हणाला. "मला नाही जमणार. घरच्यांनी एक स्थळ आणलं होतं... मी हो म्हटलंय. आता तुझ्याबरोबर येणं बरं दिसणार नाही. माझं तिकीट मी रद्द करतो."

मी चिमटा खाली ठेवला. मालक समोरच होते. असू देत, म्हटलं.

"मला 'इतर' नको होतं रे. मला यादीतलं पहिलं हवं होतं."

तो कागदाची कड दुमडत राहिला.

"माझं बोट त्याच्यावरच होतं," तो शेवटी म्हणाला. "तू बोलेपर्यंत."

"मग आता...?"

"आता तिला शब्द दिलाय गं."

भांडायला काही उरलंच नव्हतं. तो सभ्य माणूस होता, म्हणून तर आवडला होता. तो गेला, आणि मी आत जाऊन काचा पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून रडले.

आईने ढकलून पाठवलं, म्हणून मी निघाले. विमानात बसले. माझी जागा खिडकीशी होती, ती त्यानेच निवडली होती. माणसं येत होती, बॅगा वर चढत होत्या, आणि माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. हवाई सुंदरीने हातातल्या यादीत पाहिलं.

"तुमच्या शेजारचे प्रवासी अजून आले नाहीत. तिकीट आहे त्यांचं. येतायत का?"

रद्द केलंच नव्हतं त्याने. एक मैल कधी वाया न घालवणाऱ्या माणसाने ती अख्खी जागा तशीच सोडली होती.

"नाही," मी म्हणाले, "येणार नाहीत."

तरी दार लागेपर्यंत मी दाराकडेच बघत राहिले.