कोपऱ्याकडे पाठ

यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या बाई आजही तिथेच राहतात, तिसऱ्या मजल्यावर. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात नोकरीला आहेत. भुताखेतांचं नाव काढलं की हसायच्या. अख्खी बिल्डिंग त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

असलं काही रात्री घडतं म्हणे. हे भर दुपारी घडलं. रविवार होता. तीनला पाच कमी होते.

आणि आजूबाजूला तीस-चाळीस माणसं बसली होती...

चार बिल्डिंगांच्या मधे एक मोकळी जागा होती. मोकळी आपली म्हणायची. चारही बिल्डिंगांची पाठ तिच्याकडे. तिकडे फक्त बाथरूमच्या खिडक्या उघडायच्या, आणि त्या खिडक्यांतून लोक जे खाली टाकायचे ते सांगतानाही शिसारी येते. भरलेले डायपर. कंगव्यातले केसांचे गुंते. आंबलेली भाजी, पिशवीसकट. पिशवी खाली फच्चकन फुटायची आणि वरची खिडकी धाडकन बंद व्हायची. टाकलं कुणी, हे विचारायची सोय नाही. सगळेच धुतल्या तांदळासारखे!

त्या जागेच्या एका कोपऱ्यात पत्र्याची खोली होती. तिथे एक म्हातारी कपडे उसवून, घट्ट-सैल करून, शिवून द्यायची. तोंडात टाचण्या धरूनच बोलायची, म्हणून तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे. खरं नाव कुणी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती त्या खोलीत वारली. एकटी होती, कुणाला कळलंच नाही, असं सगळे सांगायचे.

वहिनीही तेच सांगायच्या.

पुढे खोली पाडली. कचरा मात्र वाढत राहिला.

वहिनींच्या मनात होतं की इथे चौक व्हावा. चार झाडं, बसायला जागा, मुलांना पळायला फरशी. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी आखलेल्या रेघा गिरवल्या होत्या. एक तरी जागा आपल्या हातची असावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी पालिकेतल्या साहेबांच्या मागे लागून परवानगी आणली. अकरा ट्रक घाण निघाली. शेवटच्या ट्रकवरच्या माणसाने नाकावरचा रुमाल काढला आणि विचारलं, "बाई, इथं माणसंच राहतात ना?"

फिनेल ओतून जागा धुतली. एक भिंत पिवळी रंगवली. आणि चाळीस हलक्या खुर्च्या नुसत्या मोकळ्या ठेवल्या.

त्यांच्या कामात ही एक रीत असते. बाक आधी बसवायचे नाहीत. तीन आठवडे खुर्च्या सुट्या ठेवायच्या. लोक आपणहून जिथे ओढतील, जिकडे तोंड करून बसतील, ते रोज नकाशावर मांडायचं. मग तिथेच सिमेंटचे बाक पक्के करायचे.

पहिल्या संध्याकाळी वहिनी नकाशा घेऊन खाली उतरल्या.

चाळीसच्या चाळीस खुर्च्यांची पाठ एकाच कोपऱ्याकडे होती...

टाचणीबाईच्या कोपऱ्याकडे.

ऊन तिकडून येत असेल, असं त्यांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. तरी तेच. तिसऱ्या दिवशी वहिनींनी सकाळी स्वतः सगळ्या खुर्च्या फिरवून ठेवल्या. संध्याकाळी पाहिलं...

पुन्हा पाठ.

"पोरांची मस्ती असणार," बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही पण ना वहिनी, कशाचं काय घेऊन बसता!"

वहिनींनी ठरवलं, फिरवतं कोण ते डोळ्यांनी बघायचं. रविवारी जेवण उरकून त्या खाली जाऊन बसल्या. चौक भरला होता. मुलं पळत होती. सेक्रेटरी शेजारी बसून पाण्याच्या टाकीचं पुराण लावत होते.

तीनला पाच कमी असताना वास आला.

आधी बारीकसा... गोडसर. मग घशात चिकटून बसेल असा.

फिनेलच्या खालून तो वर येत होता.

आणि मग...

टक्... टक्... टक्.

पत्र्यावर कात्री आपटावी तसा आवाज. तिथे पत्रा उरलाच नव्हता. कोपऱ्यात नुसती धुतलेली फरशी होती.

टक्... टक्...

सेक्रेटरी बोलता बोलता अर्धवट उठले. खुर्ची मागच्या मागे उचलली. फिरवली. बसले. तोंड चालूच होतं. "...तर मी त्या प्लंबरला म्हटलं, अरे बाबा..."

पलीकडच्या दोन बायका उठल्या, फिरल्या, बसल्या. हातातलं विणकामही थांबलं नाही. एका आईने मांडीवरच्या बाळासकट खुर्ची फिरवली. सगळा चौक असा हळूहळू फिरला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. कुणी कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

"काका," वहिनींनी विचारलं, "खुर्ची का फिरवलीत?"

"कुठली खुर्ची? मी मघापासून असाच तर बसलोय!"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा चेहरा अगदी निर्मळ होता. त्या निर्मळपणाची वहिनींना किळस आली.

मग त्यांनी समोर पाहिलं.

समोर, दोन बिल्डिंगांच्या फटीतून, रस्ता दिसत होता... मोटारी जात होत्या.

कोपरा त्यांच्या पाठीमागे होता. त्यांचीही खुर्ची फिरली होती, आणि त्यांना कळलंही नव्हतं.

तेव्हा आठवलं. म्हणजे विसरल्या कधीच नव्हत्या. चार दिवस तो आवाज येत होता, दोन वर्षांपूर्वी. टक्, टक्, टक्. आतून कुणीतरी पत्र्यावर कात्री आपटत होतं. सगळ्या बिल्डिंगांना ऐकू जात होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी जाईल. वहिनींच्या यजमानांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. वहिनींनी बाथरूमच्या खिडकीच्या फटीत जुना नॅपकिन कोंबला होता.

पाचव्या दिवशी आवाज थांबला. आठव्या दिवशी वास सुटला. मग तक्रार अर्ज गेला, सतरा सह्यांचा. 'आवारात जनावर मेलेले आहे, तातडीने हलवावे.'

अर्ज वहिनींनी लिहिला होता. अक्षर चांगलं म्हणून.

त्या धावत वर गेल्या आणि बेसिनमध्ये भडाभडा ओकल्या. आधी सगळ्यांची किळस आली. मग स्वतःची आली, आणि ती काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यांनी खुर्ची कोपऱ्याकडे तोंड करून मांडली. दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरली. वास आला. त्या उठल्या नाहीत.

टक्... टक्...

"ऐकतेय मी," वहिनी म्हणाल्या. "इथे आहे मी, टाचणीबाई."

आवाज थांबला.

त्यानंतर त्यांनी ऑफिसची वेळ बदलून घेतली. रोज तीनला खाली. ज्या दिवशी चुकलं त्या दिवशी अंधार पडेपर्यंत टकटक चालायची आणि त्यांना घास गिळवायचा नाही. बाक पक्के झाले. नकाशाप्रमाणे सगळ्यांची पाठ कोपऱ्याकडे. फक्त एक बाक वहिनींनी उलटा आखला होता.

"रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून कोण बसणार हो?" सेक्रेटरी हसले.

चौकाचं फार कौतुक झालं. लांबून माणसं बघायला यायची. म्हणायची, किती माणुसकीची जागा आहे!

मग एके दिवशी वहिनी जिन्यात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर, पलंगावरून हलायचं नाही. त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. हातापाया पडल्या.

"अहो, तीनला दहा मिनिटं बसायचं. त्या बाकावर. कोपऱ्याकडे बघायचं. एवढंच."

यजमान कुरकुरले, पण गेले. माणूस वाईट नाही. वर येऊन म्हणाले, "बसलो की. वारा मस्त होता. ती पिवळी भिंत काय झकास दिसते तिथून!"

पिवळी भिंत त्या बाकाच्या पाठीमागे आहे.



पाचव्या दिवशी यजमान गेलेच नाहीत. बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून टीव्हीवर मॅच बघत बसले. मधलं दार उघडं होतं. वहिनींना पलंगावरून ते दिसत होते.

तीन वाजत आले. वहिनींना बेडपॅन हवं होतं.

"अहो..."

ऐकू गेलं नाही.

"अहो, जरा येता का?"

टीव्हीचा आवाज वाढला.

खालून काहीच ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी चौकातली टकटक झालीच नाही.

वहिनींना थांबवेना. उशाला स्टीलचा पेला होता. त्यांनी तो पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटला.

टक्... टक्... टक्.

यजमान उठले. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी खुर्ची मागच्या मागे उचलली...

फिरवली...

आणि दाराकडे पाठ करून बसले.

टीव्ही आता त्यांच्या बाजूला होता. समोर नुसती भिंत होती. तरी मान डोलावत होते, मॅच बघत असल्यासारखे.

वहिनींनी पेला आपटला. हाका मारल्या. ओरडल्या. यजमानांनी एकदा नाक मुरडलं, उठले, आणि तिकडे न बघताच मधलं दार लावून घेतलं.

वहिनी तीन तास तशाच पडून होत्या. अंथरुणात सगळं झालं. ते थंड होत गेलं, अंगाला चिकटत गेलं. माश्या आल्या. रडून रडून घसा बसला. पण पेला आपटायचं त्यांनी थांबवलं नाही, कारण थांबवलं की काय होतं ते त्यांना माहीत होतं.

सहा वाजता दार उघडलं. यजमान चहाचा कप घेऊन उभे होते. चेहरा अगदी निर्मळ.

"झोप झाली का गं?" ते म्हणाले. मग थांबले. नाकाला हात लावला.

"शी! कसला वास येतोय हा? बघ बाई, इथे कुठेतरी उंदीर मेलाय."

वहिनी आता काठी घेऊन चालतात. तीनला खाली जाऊन बसतात. यजमानांना त्या दुपारचं विचारलं की ते दुखावतात, म्हणतात, तू हाक मारलीच नाहीस. ते खोटं बोलत असते तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं, असं वहिनी म्हणतात.