ओला ब्रश

दिवे घालवायच्या आधी एक सांगतो, मग झोपा. परदेशी निघालेल्या माणसानं दात घासायचा ब्रश कुठे ठेवावा, याची ही गोष्ट आहे. हसा, हसा. मघाशी तुझी बॅग पाहिली मी. ब्रश टाकलायस पार तळाशी, बुटांच्या खाली, म्हणून आठवली. घडलेली आहे आणि माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलेली आहे, तेव्हा मध्येमध्ये शंका काढू नका.

हा भाचा म्हणजे आमचे सोवळे. घरात त्याला नावच ते पडलं होतं. लहानपणी सख्ख्या भावाच्या पेल्यातलं पाणी प्यायचा नाही. कुणाकडे जेवायला गेला की यजमानांसमोर आपल्या रुमालानं चमचा पुसायचा. भातात केस निघाला तर आपण तो बाजूला काढून जेवतो, हा ताटावरून उठायचा. असा हा प्राणी गणित शिकवायला परदेशी निघाला, तोही इथली कायमची नोकरी सोडून. वडिलांना ते अजिबात पटलं नव्हतं. विमानतळावर ते म्हणाले, "वर्ष पुरं कर. मधेच पळून आलास तर पुन्हा माझ्यापुढे कसली स्वप्नं घेऊन उभा राहू नकोस." ते त्यानं मनाला लावून घेतलं.

तिकडे उतरला तर बॅग आलीच नाही. उद्या येईल म्हणाले. शाळेच्या शिपायानं रात्री खोली उघडून दिली. शाळेच्याच इमारतीत सगळ्यात वर, एक पलंग, एक टेबल, पाणी उकळायची किटली आणि न्हाणीघर. आधीचे मास्तर इथेच राहायचे, एवढं सांगून शिपाई गेला. दुकानं बंद झालेली. सकाळी पहिला तास, आणि तो ऐकायला मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसणार होत्या. दोन विमानं बदलून ह्याच्या तोंडाची तर गटार झालेली.

बेसिनवर एक पेला होता. त्यात एक निळा ब्रश. त्याचे केस एका बाजूला झोपलेले आणि मुळाशी पिवळट थर.

तुम्ही म्हणाल, सोवळ्यांनी तो वापरला? वापरला. उकळत्या पाण्यात पुन्हापुन्हा बुडवून, डोळे मिटून वापरला. एका रात्रीचा तर प्रश्न, असं त्यानं स्वतःला समजावलं. मी असतो तर सकाळी तोंड मिटून गणित शिकवलं असतं.

दुसऱ्या दिवशी बॅग आली. जुना ब्रश त्यानं कागदात गुंडाळून रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकला आणि स्वतःचा पेल्यात ठेवला. शाळा चांगली होती. पोरं आधी त्याच्या बोलण्याला हसायची, मग गणितं सुटायला लागली तशी ऐकायला लागली. एकदा मुख्याध्यापिका जिन्यात थांबून शाबास म्हणाल्या. त्यानं रात्री फोनवर ते वडिलांना सांगितलं. वडील "हं" म्हणाले. आमच्या मेव्हण्यांचं हं म्हणजे पुष्कळ झालं.

फक्त रोज सकाळी ब्रश ओला असायचा.

दमट हवा असेल, म्हणून त्यानं तो हीटरजवळ ठेवून पाहिला. तरी ओला. आठवडा झाला नसेल, नव्या ब्रशचे केस एका बाजूला झोपले. मग तोंडाला एक चव यायला लागली. फुलदाणीत विसरून राहिलेलं पाणी असतं ना, बुळबुळीत, तशी. अन्न समोर आलं की शिसारी यायची. एका सकाळी ब्रशच्या केसांत काहीतरी अडकलेलं दिसलं. मांसाचा तंतू. आणि आमचे सोवळे मांसाला शिवतही नाहीत. तो बेसिनवर वाकला, आणि पोट रिकामं होईपर्यंत वाकलेलाच राहिला. मग नवा ब्रश आणला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपला. सकाळी ड्रॉवरचं लाकूडसुद्धा ओलं होतं.

शेवटी त्यानं जिना पुसणाऱ्या बाईंना विचारलं, आधीचे मास्तर गेले कुठे? बाईंनी फडकं पिळून कठड्यावर टाकलं. मग म्हणाल्या, कुठे जाणार, इथेच गेले. मोठ्या सुट्टीत सगळे आपापल्या घरी गेले, हे एकटे मागे राहिले. बेसिनपाशी पडले. सुट्टी संपल्यावर वासावरून कळलं. खोली बाईंनीच धुऊन काढली होती. काय काय धुतलं ते त्यांनी सांगितलं, पण मी नाही सांगणार, तुम्ही आत्ताच जेवून उठलात.

"तोंडावर फेस तसाच वाळला होता," बाई म्हणाल्या. "ब्रश मात्र कुठेच नव्हता. सगळी खोली झाडली मी. पेला रिकामाच ठेवला होता."

पहिल्या रात्री त्याच पेल्यातून काय उचलून तोंडात घातलं होतं, ते सोवळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण अर्धं वर्ष उरलेलं, आणि वडिलांचे शब्द डोक्यात. त्यानं ठरवलं, ब्रश रात्रभर हातातून सोडायचाच नाही.

डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. बाहेर कडाक्याची थंडी. न्हाणीघराचं दार त्यानं बाहेरून कडी घालून बंद केलं, दिवा चालू ठेवला आणि ब्रश मुठीत घेऊन पांघरुणात शिरला. दोन वाजून गेले तोवर जागा होता, हे तो शपथेवर सांगतो.

डोळा लागला असेल. उघडला तेव्हा अंधार होता.

आणि आवाज.

खस... खस... खस...

कुणीतरी दात घासत होतं. सावकाश. आधी उजवीकडे. मग डावीकडे.

तो दाराच्या दिशेनं बघत राहिला. आवाज तिकडून नव्हता. जवळ होता. फार जवळ...

मग त्याला स्वतःची मूठ जाणवली. ती हलत होती.

ब्रश त्याच्याच तोंडात होता. हात त्याचाच. थांबवतोय... थांबत नाही. तोंड भरलेलं. कोमट. तीच चव. जिभेवर काहीतरी मऊ आलं... त्याचं नव्हतं ते.

हात थांबला.

आणि कडी घातलेल्या दारामागे, बेसिनमध्ये, कुणीतरी थुंकलं.

मग चूळ भरली...

पहाटे तो अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडला. मुख्याध्यापिकांना धड कारण सांगता आलं नाही. नोकरी गेली, तिच्यावर मिळालेला व्हिसा गेला. घरी वडिलांनी दार उघडलं, बाजूला सरकले आणि आत निघून गेले. अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्यांना काय सांगणार, ब्रशला भिऊन आलो म्हणून? मला त्यानं सगळं सांगितलं ते इथे राहायला आला तेव्हा. याच खोलीत. मी त्याला नवा ब्रश काढून दिला, तर त्यानं हातसुद्धा लावला नाही. बोटानं मंजन लावून तोंड धुतलं. आता जन्मभर तेच करणार म्हणाला आणि सकाळी गेला.

तो ब्रश तेव्हापासून आपल्या न्हाणीघरात वरच्या फळीवर आहे. पाकिटातच. पाकीट कुणी फोडलेलं नाही, कडा नीट चिकटलेल्या आहेत. नाही पटत? जा, दिवा लावून बघून ये. तूच जा, तुला निघायचंय.

प्लॅस्टिकला आतून पाण्याचे थेंब आहेत. आणि ब्रशचे केस एका बाजूला झोपलेत.