सात नंबरच्या खाटेवरची दुपार

रोज दुपारी अडीच वाजता सुवर्णा गायधने विद्यापीठात झोपायला जायची. डबा खाऊन झाला की ती दुसऱ्या मजल्यावरच्या स्मृती प्रयोगशाळेत यायची, चपला दाराशी काढायची, खिडकीचा पडदा अर्धा ओढायची आणि कोपऱ्यातल्या अरुंद पलंगावर आडवी व्हायची. बरोबरचे विद्यार्थी तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. पहिल्या आठवड्यात त्यांना ती कुणाची तरी आई वाटली होती, मुलाला भेटायला आलेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला आलेली नर्स त्यांनी आधी पाहिली नव्हती.

पलंगावर पडल्यावर ती कपाळाला स्मरणपट्टी बांधायची. राखाडी कापडाची ती साधी पट्टी होती. डोकं दुखताना बांधतात तशी. पट्टी झोप आणत नसे. पण झोप लागून हलकी होऊ लागली की ती कामाला लागे. उशाशी ठेवलेल्या डबीतून फिनेलचा वास हळूच सुटे. दुरून आल्यासारखा स्टीलच्या ट्रेचा आवाज येई, खाटेच्या चाकांची कुरकुर येई. कुठेतरी खोल निजलेल्या आठवणीला तो वास, तो आवाज हाक मारी, आणि पट्टीतले सूक्ष्म विद्युतस्पंद तिला वर यायला हात देत. मग सुवर्णा पिंपळधऱ्याच्या रुग्णालयातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात उभी असे. तिथल्या उन्हाला कडा नसत, पंख्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येई, आणि बायकांचे चेहरे मात्र इतके स्पष्ट की नाकातल्या चमकीचा खडासुद्धा दिसे. स्वप्नासारखंच सगळं, फक्त स्वप्नातल्या भिंती सरकतात, इथल्या जिथल्या तिथे असत.

वीस मिनिटांनी जाग आली की डोळे न उघडता ती बोलू लागे. काय दिसलं, कुणाचा हात कुठे होता, कोण काय म्हणालं. बोललेलं सगळं नोंदलं जाई.

त्या वॉर्डात तिने चोवीस वर्षं काढली होती. शेवटच्या सहा-सात वर्षांत प्रत्येक बाळंतिणीच्या दंडाला नाण्याएवढी चकती चिकटवलेली असे. नाडी, रक्तदाब, श्वास, प्राणवायू, सगळं त्या चकतीवरून भिंतीवरच्या पडद्यावर येई. आकडे हिरवे असतील तर काळजी नाही, असं नव्या मुलींना शिकवलं जाई. एका दुपारी सगळे आकडे हिरवे असताना सुवर्णाने एका बाईला उचलून शस्त्रक्रियेच्या खोलीत न्यायला लावलं होतं. बाई वाचली. अधीक्षकांनी नंतर विचारलं, "सिस्टर, तुम्हाला कळलं कसं?" "वाटलं," एवढंच ती म्हणाली. ते तिच्या मनाला लागून राहिलं. आपल्याला जे कळतं ते आपल्याबरोबर निवृत्त होणार, ही कल्पना तिला सहन होईना. नवरा म्हणाला, "मग लिहून काढ." लिहायला बसली तर चार ओळींपुढे जाईना. तेव्हा तिने अर्ज भरला.

तिचे मार्गदर्शक डॉ. तन्मय बोरकुटे तेहतीस वर्षांचे होते. ती त्यांना सर म्हणायची, ते तिला सिस्टर म्हणायचे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

रोज आठवण वर येत नसे, पण दीड वर्षात अशा एकशे बारा दुपारी जमा झाल्या. ज्या बायका पुढे अत्यवस्थ झाल्या त्यांच्या आठवणी एका बाजूला, ज्या सुखरूप घरी गेल्या त्यांच्या दुसऱ्या बाजूला. त्यांतून तीन खुणा वर आल्या. आकडे बिघडण्याच्या तास-दीड तास आधी या बायका पायाची बोटं आत ओढून घेत. चादरीची कड चिमटीत धरत. आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या खांद्याकडे बघत. सुवर्णाने या खुणांना 'चाहूल' असं नाव दिलं. बोरकुट्यांनी प्रबंधात तोच शब्द ठेवला.

चौथी खूण सापडली ती एकशे तेराव्या दुपारी.

त्या दिवशी ती वॉर्डात आली तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडक्यांतून तिरपं येत होतं. भेटीची वेळ होती. सात नंबरच्या खाटेवर हर्षदा ढोबळे होती, चोवीस वर्षांची, सकाळीच बाळंत झालेली. तिची बहीण पायाशी बसून मोसंबी सोलत होती. बाळ पाळण्यात कुरकुरलं. शेजारच्या तीन खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. हर्षदाने वळवली नाही. सकाळपासून दर पाच मिनिटांनी बाळाचं विचारणारी ती मुलगी छताकडे बघत पडली होती, शांत, जणू बाळ दुसऱ्या कुणाचं होतं. सुवर्णाला ते दिसलं. तिचं पाऊल थबकलं. तेवढ्यात दाराशी कुणीतरी हाक मारली, "सिस्टर, लवकर या," आणि ती सात नंबरवरून पुढे चालत गेली.

जाग आली तेव्हा तिचे कान ओले झाले होते. डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं होतं.

हर्षदा त्याच संध्याकाळी गेली. पोटात आतल्या आत रक्त साठत राहिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या चौकशीत सुवर्णाने सांगितलं होतं, ती अस्वस्थ होईपर्यंत मला काहीही वेगळं दिसलं नाही. तेव्हा ते तिला खरं वाटत होतं.

"सर, मला दिसलं होतं," ती बोरकुट्यांना म्हणाली. "मी बघून पुढे गेले."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक रेष होती. आठवणीत डोळे-कान आधी जागे झाले की ती रेष उंच जाई. कल्पना आधी जागी झाली की ती बसकी राही. तिला ते साक्षरेषा म्हणत. त्या दुपारची रेष इतर कुठल्याही दुपारपेक्षा उंच होती.

"म्हणजे हे खरंच घडलं," सुवर्णा म्हणाली.

"म्हणजे तुमच्या मेंदूला ते पाहिल्याची खात्री आहे," बोरकुटे सावकाश म्हणाले. "रेष एवढंच सांगते. आठवण म्हणजे कपाटात घडी करून ठेवलेली साडी नव्हे, सिस्टर. दर वेळी आपण ती नव्याने विणतो. गेलं दीड वर्ष तुम्ही खुणाच शोधताय. त्यातलाच एखादा धागा त्यात गेला असेल."

केसपेपर मागवला. त्यावर तिच्याच अक्षरात होतं: चार वाजून दहा मिनिटं, रुग्ण अस्वस्थ, डॉक्टरांना कळवले. सुवर्णा त्या ओळीकडे बघत राहिली. त्या काळात ड्युटीची पाळी संपताना अशा ओळी एकदम भरल्या जात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तरीही बाळाची चौकशी थांबणं ही खूण कच्च्या यादीत गेली. तीन ग्रामीण रुग्णालयांत यादीची चाचणी सुरू होणार होती. सुवर्णाने जाऊन तिथल्या नर्सना चारही खुणा शिकवल्या. प्रबंधात मात्र हर्षदाची नोंद वापरायला नातेवाइकांची परवानगी लागणार होती.

हर्षदाची बहीण शीतल पिंपळधऱ्यातच शिवणाचा क्लास चालवत होती. सुवर्णा गेली तेव्हा मुली नुकत्याच गेल्या होत्या. जमिनीवर रंगीबेरंगी चिंध्या पडल्या होत्या. शीतलने तिला लगेच ओळखलं.

"गायधने सिस्टर ना? बसा. केस पांढरे झाले तुमचे."

चहा झाला. सुवर्णाने पट्टीबद्दल सांगितलं, अभ्यासाबद्दल सांगितलं. मग थांबून ते सांगितलं ज्यासाठी ती आली होती.

"शीतलताई, त्या दुपारी हर्षदाने बाळाचं विचारणं बंद केलं होतं. माझ्या लक्षात आलं होतं. आणि मी तशीच पुढे चालत गेले. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय सही मागणं मला बरं वाटेना."

शीतलने कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याने चुकीचा पत्ता सांगावा तसं आश्चर्य होतं.

"चालत? नाही हो सिस्टर. तुम्ही पळत गेलात. डॉक्टरांना बोलवायला. तुमच्या चपलेचा पट्टा तुटला तर ती तिथेच टाकून गेलात. मी बघितलंय ना."

सुवर्णाची नजर दाराशी काढलेल्या स्वतःच्या चपलांकडे गेली.

"आणि हर्षू तर शेवटपर्यंत बाळाचंच विचारत होती," शीतल म्हणाली. "दूध प्यालं का, कुणावर गेलंय, टोपरं घातलं का. माझा हात सोडत नव्हती. तेच तर सांगून मी तिच्या लेकीला वाढवलं. तुझी आई जाईपर्यंत तुझंच विचारत होती."

"ताई, तुमची हरकत नसेल तर प्रयोगशाळेत एकदा तुम्हीही... फक्त वीस मिनिटं झोपायचं. दोघींच्या आठवणी शेजारी ठेवून बघता येतील."

शिवणयंत्राच्या सुईखाली अडकलेलं कापड शीतलने हळूच मोकळं केलं.

"आणि माझ्या डोक्यातून वेगळंच काही निघालं तर?" तिने विचारलं. "ती पोरगी एकोणीस वर्षांची आहे. तिच्याजवळ आईचं एवढंच आहे. ते मी तुमच्या मशीनवर तपासायला देऊ?"

सुवर्णाने मान हलवली. परवानगीचा कागद पिशवीतच ठेवला. निघताना शीतल दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तुम्ही पळत गेलात, सिस्टर. उगीच जिवाला लावून घेऊ नका."

परतीच्या बसमध्ये सुवर्णाने डोळे मिटले. पट्टी नव्हती, फिनेलचा वास नव्हता. तरी वॉर्ड आला. या वेळी पाय पळत होते. एका पायात चप्पल नव्हती, फरशी गार लागत होती. ती दचकून जागी झाली. हे आत्ता आठवलं, की आत्ता ऐकलं म्हणून दिसलं? दोन्ही दुपारी सारख्याच लख्ख होत्या, आणि दोन्हींत ती स्वतःच होती.

दुसऱ्या दिवशी तिने बोरकुट्यांना सांगितलं, "सर, चौथी खूण काढून टाका. बाळाचं विचारणं थांबलंच नव्हतं म्हणतात. ज्या बाईवरून ती घेतली तिच्याच बाबतीत ती खोटी ठरत असेल, तर मी ती कुणाला शिकवू?"

त्यांनी वाद घातला नाही. चाचणीच्या रुग्णालयांना सोमवारी पत्र पाठवायचं ठरलं.

रविवारी सकाळी सुवर्णा मटार सोलत असताना फोन वाजला. नागझरीच्या ग्रामीण रुग्णालयातली समीक्षा वाघमारे होती, नोकरीला लागून सात महिने झालेली.

"मॅडम, चार नंबरची बाई. पहाटे बाळंत झाली. आकडे सगळे हिरवे आहेत. बोटं ठीक आहेत, चादर नाही, नजर ठीक आहे. पण तासाभरापासून तिने बाळाचं काही विचारलं नाही. मी बाळ जवळ नेलं तर म्हणाली, असू दे तिकडे. डॉक्टर म्हणतात, दमली असेल. दमलीच असेल ना?"

सुवर्णाच्या हातातली शेंग तशीच राहिली. ही खूण रद्द झाली आहे, पत्र उद्या निघतंय, असं सांगायला हवं होतं. तसं सांगणंच अभ्यासाला धरून झालं असतं. तिच्या डोळ्यांपुढे छताकडे बघणारा एक चेहरा आला, मग गार फरशीवरचं अनवाणी पाऊल आलं, आणि कुठलं खरं हे ठरवायला वेळ नव्हता.

"डॉक्टरांना पोटाची सोनोग्राफी करायला सांग. आत्ता. नाही म्हणाले तर फोन माझ्याकडे दे."

पोटात रक्त साठत होतं. आकडे लाल व्हायला सुरुवात झाली तेव्हा ती बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती.

सोमवारचं पत्र निघालं नाही. पण यादीही तशीच ठेवता येईना. "एका केसने काही सिद्ध होत नाही," बोरकुटे म्हणाले, "हे तुम्हीही जाणता." मग पडद्यावरच्या उंच रेषेकडे बघत, स्वतःशीच बोलावं तसं ते पुटपुटले, "ते घडलंच नसेल, तर तुमच्या मेंदूने ही खूण आणली कुठून? हजारो बायकांत थोडी थोडी विखुरलेली गोष्ट त्याने गोळा केली असेल आणि एका चेहऱ्याला दिली असेल. किंवा ती बहीण..."

बुधवारी सुवर्णा नागझरीला गेली. वॉर्डात दुपार झाली होती. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची सावली भिंतीवर हळूहळू हलत होती. चार नंबरच्या खाटेवरची बाई फिकी होती, हाताला सलाईन होतं, पण ती सारखी मान उचलून बघत होती. "कुणाकडे दिलंय तिला? झोपली का? भूक लागली असेल हो." सासू हसून म्हणाली, "काल संध्याकाळपासून हेच चाललंय."

समीक्षा सुवर्णाला बाजूला घेऊन गेली. तिच्या हातात वही होती, पेन उघडलेलं होतं. इतर तीन खुणांपुढे तिने शिकवलेलं सगळं नीट उतरवलं होतं. चौथीपुढची जागा रिकामी होती.

"मॅडम, ही खूण तुम्हाला पहिल्यांदा कुणाकडे बघून कळली?"

हर्षदाचं नाव सुवर्णाच्या ओठांपर्यंत आलं. ते उच्चारलं तर ते वहीत जाणार होतं, वहीतून प्रबंधात, आणि कधी ना कधी तिच्याच लेकीच्या वाचनात. न उच्चारावं, तर हजारो बायकांमधून आलेल्या त्या एका चेहऱ्याचे आभार कुणाच्या नावाने मानायचे?

समीक्षा पेन धरून वाट बघत होती.