स्कूटरवरची चाचणी

मंडीदीपच्या कारखान्याच्या फाटकाशी कंपनीची बस माझ्या डोळ्यांदेखत सुटली.

"मेली बस! आता घरी शाहपुऱ्याला जाऊ कशी?" मी पुटपुटले.

"अरे वा, या हिंदी मुलखात मराठी!" मागून कुणीतरी खुशीत म्हणालं. स्कूटरवर एक तरुण. गळ्यात समोरच्या पंपांच्या कंपनीचं ओळखपत्र, त्यावर नाव — परीक्षित. "मीपण तिकडेच चाललोय. बसा की. बाटलीला वेगळं तिकीट नाही."

बाटली मी छातीशी धरली होती. तिच्यात मी कंपनीसाठी बनवलेलं फेस-स्क्रब होतं... स्वच्छ पारदर्शक जेल, आणि त्यात अक्रोडाच्या टरफलांचे कण, जिथल्या तिथे अधांतरी. प्रयोगशाळेच्या फळीवर ते महिनाभर हलले नव्हते. तरी दुकानांतून बाटल्या परत येत होत्या. वर नुसतं जेल, तळाशी सगळा चुरा! का, ते कळत नव्हतं. पुढचा माल बिघडला तर स्क्रब बंद, असं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख अलकामॅडमनी बजावलं होतं. स्क्रब बंद म्हणजे माझी नोकरी बंद, आणि मी परत नागपूरला, आईने शोधून ठेवलेल्या स्थळांसमोर चहाचा ट्रे घेऊन.

शाहपुऱ्याच्या तलावाशी उतरले, बाटली उन्हात धरली... आणि ओरडलेच. कण तळाशी!

"तुमच्या स्कूटरनं माझं जेल बिघडवलं!"

"स्कूटरनं? खड्ड्यांनी म्हणा मॅडम. ते काय मी खणलेत?"

मला हसू आलं, आणि हसताहसताच डोक्यात लख्ख उजेड पडला. जेल शांत असलं की कणांना तोलून धरतं. हादरे बसले की तेच सैल पडतं आणि कण गुपचूप खाली सरकतात. फळीवर ठेवून मी काय तपासत होते? माल तर ट्रकमधून जातो!

"तुम्ही मला रोज सोडाल?" मी बोलून गेले.

त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला... की बाटलीला?"

"बाटलीला!"

"चलेगा. सोबत तुम्ही आलात तरी माझी हरकत नाही."

मग रोज संध्याकाळी नवी बाटली आणि तीच स्कूटर. जेल घट्ट केलं, तर ते बाटलीतून बाहेरच येईना.

"हट्टी आहे. अगदी कुणासारखं तरी..." परीक्षित आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला.

"समोर बघा! खड्डा!"

"तोच तर शोधतोय. चाचणी कडक नको?"

शेवटी मी टरफलं आणखी बारीक दळली. हलक्या कणांना तोलायला जेलला फार जोर लागत नाही. घट्टपणाही बेताचा ठेवला, बोटाने दाबताच वाहील एवढाच. त्या संध्याकाळी तलावाशी बाटली वर धरली, तर एकही कण खाली गेला नव्हता. फोनवर अलकामॅडम म्हणाल्या, "शाबास सुरुची, माल काढा!"

मी आनंदाने उडीच मारली.

"झालं तर मग," तो बाटली हातात घेऊन म्हणाला. "उद्यापासून तुमची बस..."

"हो... बस."

पाण्यावरून गार वारा येत होता.

"निघतो. अशोका गार्डनला आमच्याकडे आता पाणी येईल, टाकी भरायची—"

"अशोका गार्डन?" मी त्याचं बोलणं तोडलं. "ते तर पार शहराच्या त्या टोकाला! मग शाहपुरा तुमच्या वाटेवर कुठे?"

कान पुन्हा लाल.

"परीक्षित, रोज एवढा वळसा... आणि तोंडातून एक शब्द नाही?"

"बोलणार होतो. पण तुम्ही नागपूरचं टेन्शन घेऊन बसलेल्या. म्हटलं, आधी जेल पास होऊ दे..."

"आणि नापास झालं असतं तर?"

"तर स्कूटर नागपूरपर्यंत." तो खाली बघत हसला. "आवडतेस तू मला, सुरुची. पहिल्या 'मेली बस'पासून."

मलाही तो आवडत होता, केव्हाचाच. ते सरळ सांगायचं सोडून मी म्हणाले, "उद्या माझी बस चुकणार आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"मी चुकवणार आहे ना!"

पाण्याची वेळ टळून गेली. त्या दिवशी अशोका गार्डनची टाकी कोरडीच राहिली.